पत्ता विचारला होता : महाराष्ट्रातल्या मानसिक आधाराचा इतिहास

आजचा विषय आम्ही कळवला, तेव्हा संयोजकांपैकी एकजण म्हणाले, 'सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा तर डॉक्टरांचा विषय.' खरं आहे. औषधांबद्दल आम्ही आज एक अक्षर बोलणार नाही. आम्हाला बोलायचं आहे ते एका साध्या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल. मन दुखायला लागलं तर जायचं कुठे? पाय मोडला तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं कुठे जायचं. मनाचं तसं कधी नव्हतं, अजूनही पुरतं नाही. हा पत्ता महाराष्ट्रात कोणकोणत्या काळी काय होता, कोणी बदलला, हे आज पाहू.

सुरुवात मात्र आमच्याच एका चुकीपासून करतो, कारण हा विषय आमच्या मानगुटीवर बसला तो तिथून.

साल १९८४. आम्ही एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवत होतो. नोकरीला सातआठ वर्षं झालेली, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं वय. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा तास संपल्यावर दाराशी थांबला. शेतकऱ्याघरचा, अबोल. म्हणाला, 'सर, तीन आठवडे झोप नाही. वाचलेलं डोक्यात राहत नाही. विहिरीवरून जाताना पाय थांबतात. कुठे जाऊ?' आता 'विहिरीवरून जाताना पाय थांबतात' या वाक्याचा अर्थ आज इथल्या प्रत्येकाला कळतो. तेव्हा आम्ही तो कळून घेतला नाही. आम्ही त्याला खोलीवर नेलं, चहा पाजला आणि कपाटातून एपिक्टेटसची छोटी इंग्रजी पोथी काढून दिली. रोमन साम्राज्यातला गुलाम, पुढे मोठा स्टोइक तत्त्वज्ञ. म्हटलं, हे वाच, मन खंबीर होईल. मुलगा पुस्तक घेऊन गेला. पुढच्या सत्रात तो आला नाही.

त्याचं पुढे काय झालं ते सांगू, पण जरा थांबून. आधी त्या वेळी त्याच्यापुढे कोणते पत्ते होते ते बघू.

आपल्या भाषेत एक गंमत आहे, गंमत म्हणजे क्रूर गंमत. मुंबईकडे कोणी विचित्र वागलं की म्हणतात, 'याला ठाण्याला पाठवा.' पुण्याकडे म्हणतात 'येरवड्याला पाठवा.' येरवड्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, त्यामुळे दोन्ही अर्थ निघतात आणि बोलणाऱ्याला दोन्ही चालतात. कोकणात रत्नागिरीचं नाव घेतात, वऱ्हाडाकडे नागपूरचं. ही चार नावं म्हणजे राज्य सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं, येरवड्याचं १९१५ चं. पन्नासेक वर्षांत ही चार गावं उभी राहिली आणि त्यांची नावं शिवीसारखी वापरात आली. आधाराच्या ठिकाणाचंच नाव ज्या भाषेत धमकी म्हणून वापरतात, तिथे माणूस आपल्या पायाने तिकडे जाईल कसा?

आणि खरं सांगायचं तर आपल्या पायाने जायची सोयच नव्हती. कंपनी सरकारच्या अगदी शेवटच्या दिवसांत, १८५८ साली, कायदा झाला तो 'ल्युनॅटिक असायलम्स' या नावाचा. त्यात वाट होती ती पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्यामार्फत. रस्त्यावर कोणी भटकताना, धोकादायक वाटताना दिसला की पोलिसाने धरायचं, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा आणि मग रवानगी. पत्ता विचारणारा इथे कोणीच नाही, पाठवणारेच सगळे.

यातली एक हकीकत आम्हाला फार बोलकी वाटते. १८९३ साली सरकारने गांजा-भांगेची चौकशी करायला एक आयोग नेमला, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. गांजाने माणसं वेडी होतात असा बोभाटा होता आणि पुरावा म्हणून देशभरातल्या इस्पितळांची आकडेवारी दाखवली जात होती. रजिस्टरात वेडाच्या कारणाचा रकाना असे. त्यात ठिकठिकाणी लिहिलेलं, 'गांजा'. आयोगाने काम चोख केलं. एका वर्षाचे रुग्ण घेतले आणि एकेका नोंदीच्या मुळाशी गेले. काय निघालं? कारणाचा रकाना बहुधा पोलिसाच्या कागदावरून भरलेला. पोलिसाला तो माणूस कोण, कुठला, घरी काय घडलं, काही ठाऊक नसायचं. रकाना रिकामा सोडला तर वरून विचारणा होते, म्हणून 'गांजा' लिहून मोकळा. इस्पितळाने तेच उतरवून घेतलं. त्यातल्या बहुतेक नोंदी तपासात टिकल्या नाहीत.

आम्ही ज्ञानमीमांसा शिकवायचो, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं याचा विचार. त्या विषयाला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही. माणसाला कोणी विचारलंच नाही, तुला काय होतंय म्हणून.

१९१२ चा ल्युनसी कायदा आला तेव्हा इस्पितळांवरची देखरेख तुरुंग खात्याच्या मंडळींकडून काढून सिव्हिल सर्जनांकडे दिली गेली. हा बदल कागदावर बारीक वाटतो, पण महत्त्वाचा आहे. पुढे दहा वर्षांच्या आत पाटीवरचं 'असायलम' जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आलं. भिंतींची उंची तीच राहिली. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, त्यात हिशेब दिला आहे. अख्ख्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी खाटा साधारण दहा हजार. चाळीस हजार माणसांमागे एक खाट. त्याच वेळी इंग्लंडात तीनशे माणसांमागे एक. आणि हा १९१२ चा कायदा, 'वेड्यांचा कायदा', स्वतंत्र भारतात किती वर्षं चालला असेल? १९८७ साली नवा कायदा झाला आणि तो अमलात आला १९९३ मध्ये. म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्याला १९८४ साली सरकारदरबारी लागू होता तो ब्रिटिश काळातला कायदा.

हा झाला सरकारी पत्ता. लोकांचा पत्ता वेगळाच होता आणि तो शेकडो वर्षांचा होता. गावोगाव देवऋषी, दर्गे, अमावास्येला भरणारी देवस्थानं. 'बाधा झाली', 'बाहेरचं लागलं', 'अंगात आलं' हे शब्द आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेले आहेत.

सुशिक्षित माणूस इथे लगेच नाक मुरडतो. आम्हीही मुरडत होतो. मग एकदा विएडा स्कल्टन्स या बाईंचा निबंध वाचनात आला, १९८७ साली प्रसिद्ध झालेला. या मानववंशशास्त्रज्ञ. सातारा जिल्ह्यात फलटणला महानुभाव पंथाचं मंदिर आहे, तिथे मनाच्या आजाराची माणसं घेऊन कुटुंबं येऊन राहत. बाईंनी तिथे मुक्काम करून पाहिलं. त्यांना दिसलं ते असं : आजारी मुलगा किंवा नवरा असतो, त्याच्यासोबत आई किंवा बायको येते. आरतीच्या वेळी अंगात येतं ते बहुतेक वेळा आजाऱ्याच्या नव्हे, त्या सोबतच्या बाईच्या. त्या बाया सांगत, आम्ही देवाला मागणं मागितलंय की याचं दुखणं मला दे. घरातलं दुखणं आपल्या अंगावर ओढून घ्यायचं आणि ते अंगात येण्यातून फेडायचं, अशी ती समजूत.

हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. यातली श्रद्धा कोणाला पटो न पटो. पण घरात एक माणूस आजारी पडला की घरातली बाई दुसरी रुग्ण होते, ही गोष्ट त्या मंदिरातल्या बायकांना कळलेली होती. आपल्या दवाखान्यांच्या केसपेपरवर मात्र त्या बाईसाठी आजही रकाना नाही.

याचा अर्थ देवस्थानं बरी होती, चालू द्यावं, असा कोणी काढू नका. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्याला आग लागली आणि २८ माणसं जळून मेली. पळता आलं नाही, कारण त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. आपल्याकडे अंगातलं भूत काढायला मिरच्यांची धुरी देणं, चाबकाने मारणं हे प्रकार होत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर ज्या कायद्यासाठी झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली, त्यांच्या खुनानंतर आला आणि त्यात असे अघोरी उपाय गुन्हा ठरले. दाभोलकर पेशाने डॉक्टर. त्यांच्या चळवळीतल्या लोकांच्या लवकरच ध्यानात आलं की बाबाचा दरबार बंद करून भागत नाही, तिथे येणाऱ्या बाईला दुसरं दार दाखवावं लागतं. साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेने आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी 'मानसमित्र' तयार केले ते त्यातूनच. शेजारीपाजारी ओळखून, ऐकून, योग्य डॉक्टरपर्यंत नेणारी साधी माणसं.

आता तिसरा पत्ता. तो टपालाचा होता, आणि आम्हाला अतिशय आवडतो. जुलै १९२७ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून नोकरीवर पाणी सोडावं लागलं. मासिक लैंगिक आरोग्याचं, पण त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं छापत. माणसं नाव लपवून लिहीत. विषय शरीराचा असला तरी पत्रांत भरलेली असायची ती भीती, लाज, अपराधीपणा. अमुक केलं म्हणून मी नासलो का, लग्नाला नालायक झालो का? आणि कर्वे आपल्या कोरड्या, किंचित तिरकस शैलीत सांगत की बाबा रे, तुला काहीही झालेलं नाही. आजच्या भाषेत हे समुपदेशन झालं की नाही? या अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांच्या बचावाला कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. तरी मासिक चालूच राहिलं, १९५३ साली कर्वे गेले तोपर्यंत. फार तर काही शे अंक खपणारं मासिक असेल, पण महाराष्ट्रात ज्या माणसाला कोणालाच विचारता येत नव्हतं, त्याला आण्यादोन आण्याच्या तिकिटात विचारता आलं.

त्याच दशकात मुंबईत दोन दारं उघडली. १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिने दुसऱ्याच वर्षी मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. आणि १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. याच्या आधी कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोसांनी १९३३ ला केलेला होता, म्हणजे देशातला हा दुसरा. आता यात एवढं काय, असं वाटेल. मोठी गोष्ट आहे. जे.जे.च्या दारात उभ्या माणसाला कोणी विचारत नाही की तू खोकल्याचा की मनाचा. तोच केसपेपर, तीच रांग, तोच कंपाउंडर. शेजारणीला सांगता येतं, 'जे.जे.ला जाऊन आले.' ठाण्याला जाऊन आले असं सांगता येत नव्हतं.

पुढे के.ई.एम.मध्ये डॉ. एन. एस. वाहिया आले. त्यांचा एक उद्योग आमच्या विषयाला लागून आहे. त्यांनी पतंजलीची योगसूत्रं घेतली, त्यातले यम-नियमांपासून धारणा-ध्यानापर्यंतचे टप्पे घेतले आणि काळजीच्या आजारांवर उपचार म्हणून चक्क तपासून पाहिले, तुलनेचे गट करून. १९७० च्या आसपासची गोष्ट ही. त्या वेळी आम्ही एम.ए.ला पतंजली शिकत होतो, परीक्षेपुरता. आमच्या प्राध्यापकांनी सूत्रांवरची भाष्यं तोंडपाठ करून घेतली, पण परळला रेल्वेने दोन स्टेशनांवर त्याच सूत्रांनी कोणाला झोप लागतेय का ते बघतायत, हे काही सांगितलं नाही. त्यांनाही ठाऊक नसावं.

तत्त्वज्ञानाकडून दवाखान्याकडे जाणारी आणखी एक वाट आहे आणि ती आम्हाला बोचते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढली, तिचं मूळ त्याने स्वतःच सांगितलं आहे : एपिक्टेटस. घटनेपेक्षा घटनेबद्दलचं आपलं मत आपल्याला जास्त छळतं, हा त्याचा मुद्दा. मुंबईचे प्रा. के. एम. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, ती पद्धत आत्मसात केली, मराठीत आणली, माणसं तयार केली. म्हणजे बघा, आम्ही त्या मुलाला दिलं तेच पुस्तक. एलिसने त्यातून उपचार बनवला, तासतास समोर बसून, प्रश्न विचारून, गृहपाठ देऊन. आम्ही नुसतं कपाटातून काढून हातात ठेवलं. शिवाय इंग्रजीत! मराठी माध्यमाच्या मुलाला.

असो.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटायला लागलं, आणि ते येरवड्याच्याच आवारात. पुण्यात तेव्हा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पोरांच्या हातात आली होती. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, केंद्र काढा म्हणून. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ ला त्याच आवारातल्या एका इमारतीत 'मुक्तांगण' सुरू झालं. तिथे रुग्णाला रुग्णमित्र म्हणतात, आणि आधी व्यसनातून बाहेर पडलेला माणूस नव्याला आधार द्यायला बसतो. घरच्या बायकांसाठी वेगळे गट आहेत. फलटणच्या मंदिरातल्या त्या बाईला, बघा, इथे पहिल्यांदा खुर्ची मिळाली. आणि गंमत अशी की 'येरवड्याला पाठवा' म्हणणाऱ्या शहरात लोक आपणहून येरवड्याला जायला लागले.

मग १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही संस्था काढली. पुन्हा ठाणंच! आजारी नसलेल्या माणसालाही मनाच्या आरोग्यासाठी जायला जागा हवी, हा त्यांचा आग्रह. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. वाणी संख्याशास्त्राचे प्राध्यापक, राहायला कॅनडात, आजार घरातच पाहिलेला. तिथे नातेवाइकांचे स्वमदत गट चालतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अतुल कुलकर्णींचा शेष लक्षात राहतोच, पण आम्हाला त्यातली बहीण जास्त आठवते. सोनाली कुलकर्णींनी केलेली. भावाला सांभाळताना तिचा स्वतःचा संसार कसा ताणतो, ते त्यात दिसतं.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्या आमच्या शाखेच्या. भार्गवी दावर. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट. मनोविश्लेषण हे विज्ञान आहे की नाही, असल्या आमच्यासारख्यांच्या प्रश्नावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पण त्यांच्या आईने मनोरुग्णालयांत जे भोगलं ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. त्या आईच्या नावाने त्यांनी पुण्यात बापू ट्रस्ट काढला आणि वस्त्यांमध्ये काम सुरू केलं. कोंडून ठेवण्याला आणि सक्तीच्या उपचाराला त्यांचा विरोध फार टोकाचा होता. अनेक मानसोपचारतज्ज्ञांना तो मान्य नाही, आम्हालाही पुरता नाही. कधी कधी सक्ती जीव वाचवते. पण 'आधार हा रुग्णाच्या गल्लीत असला पाहिजे' हे त्यांनी करून दाखवलं, हे त्यांचे विरोधकही नाकारणार नाहीत.

गल्लीतला आधार म्हणजे काय, याचं सगळ्यात मोजून-मापून दिलेलं उत्तर गोव्यातून आलं. १९९६ मध्ये तिथे 'संगत' ही संस्था निघाली, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांचा एक अभ्यास आठवतो. बायका दवाखान्यात येतात त्या 'अंगावरून पांढरं जातं' ही तक्रार घेऊन. डॉक्टर जंतूंची औषधं देतात. तपासून पाहिलं तर या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, उदासीशी जास्त निघाला. म्हणजे बाई पत्ता विचारतच होती, पण तिला ज्या भाषेत विचारायची मुभा होती त्या भाषेत. चक्कर येते, हातपाय गळतात, डोकं जड होतं. मराठी घरांत 'मला उदास वाटतं' असं म्हणणारी सून आम्ही पाहिलेली नाही. 'कंबर दुखते' म्हणणाऱ्या पुष्कळ.

संगतने ठरवलं, डॉक्टर कमी आहेत ना, मग गावातल्याच माणसांना शिकवू. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवलं. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, हे २०१० साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. मग हीच रीत विदर्भात नेली, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत. शेतकरी आत्महत्यांचा तो मुलूख. 'विश्राम' असं कार्यक्रमाचं नाव. काम सुरू होण्याआधी उदासीच्या आजाराने त्रासलेल्या शंभरातल्या जेमतेम चारपाच जणांनी कुठे ना कुठे मदत मागितलेली होती. दीड वर्षाने ती संख्या सत्तावीसवर गेली. नवं इस्पितळ बांधलं नव्हतं. गावातल्याच कोणीतरी येऊन ओट्यावर बसून विचारलं होतं.

सत्तावीस म्हणजे उरलेले त्र्याहत्तर राहिलेच, हे आम्ही विसरत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की मनाचा आजार असलेल्या दहांतल्या आठएक माणसांना उपचार मिळत नाही. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा आपण फार वेगळे आहोत अशी समजूत करून घ्यायला जागा आहे. आम्ही करून घेणार नाही.

कायद्याचं शेवटचं पान थोडक्यात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात दोन गोष्टी नव्या. एक, सरकारी खर्चाच्या मानसिक आरोग्य सेवेवर प्रत्येकाचा हक्क. दुसरी, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला गुन्हेगार मानून खटला भरायचा नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. १८५८ च्या त्या पोलिसापासून इथवर यायला एकशे साठ वर्षं लागली. साखळीने बांधणंही या कायद्याने बंद केलं आहे. कागद चांगला आहे. तालुक्याच्या गावी बुधवारी डॉक्टर येतात की नाही, हे मात्र कागदावरून कळत नाही, तिथे जाऊनच कळतं.

आता तो मुलगा. २००६ साली आम्ही स्वारगेटला सांगलीच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. एक चाळिशीचा गृहस्थ जवळ आला, वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं. आम्ही ओळखलं नाही, मग ओळखलं. शेती करत होता, लग्न झालेलं, दोन मुली. आम्ही चहा घेतला. त्याने सांगितलं ते असं : कॉलेज सुटलं, देवऋषी झाला, मग एका देवस्थानी आई त्याला घेऊन पाच अमावास्या जाऊन राहिली. अंगात यायचं ते आईच्या. सात वर्षांनी एका नातलगाच्या ओळखीने जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत झोप यायला लागली. गोळी अजून चालू आहे म्हणाला, एकच, रात्रीची. आम्ही ओशाळून म्हटलं, 'मी तुला त्या वेळी काहीच मदत केली नाही रे.' तो म्हणाला, 'तसं नाही सर. चहा दिलात, बसवलंत. पण मी पत्ता विचारला होता, तुम्ही पुस्तक दिलंत.' पुस्तक त्याने जपून ठेवलं होतं. परत करायचं राहून गेलं, म्हणाला.

त्याची सात वर्षं गेली. आईचं काय झालं ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही. गाडी लागली होती.

वेळ संपत आली. एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो आणि थांबतो. लिहिलंय : 'सुनेला बाळंत होऊन दोन महिने झाले. खोलीबाहेर येत नाही, रडते, बाळाला घेत नाही. घरचे म्हणतात नजर लागली. आम्ही खेड्यात राहतो. कोणाला विचारावं?' नाव नाही. नको, हात वर करू नका. उत्तर सगळ्यांसाठीच देतो.

बाळंतपणानंतर अशी उदासी येऊ शकते, ती आजारात मोडते आणि बरी होते. गावातल्या आशाताईंना आज संध्याकाळीच सांगा. त्या बाळासाठी घरी येतच असतील, त्यांना आईकडेही बघायला सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, रात्रीअपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. सुनेनेच बोललं पाहिजे असं नाही, तुम्ही सासू म्हणून बोला, काय करू ते विचारा. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथून जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग. जाण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडतो. जाताना तिला एकटीला पाठवू नका. ती 'मला जगायचं नाही' असं म्हणाली, किंवा बाळाबद्दल काही भलतंसलतं बोलली, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा, तोवर तिच्याजवळून हलायचं नाही. आणि घरातल्यांना नजर काढायची असेल तर काढू द्या, त्यावरून भांडत बसू नका. फक्त मीठ-मोहरी उतरवून झाल्यावर गाडीत बसा.

आम्ही अर्धा तास इथेच, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून आहोत. ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांनी गर्दी कमी झाली की या. तालुका सांगा, फोन इथूनच लावू.